अमेरिकेत असलेल्या आई-वडिलांच्या वास्तव्याची मुदत वाढवायची आहे : बडोद्याहून कोणती कागदपत्रे पाठवावीत?

प्रश्न – कारेलीबागेतील लेक

सर्वांना नमस्कार. माझे आई-वडील १२ मे रोजी पर्यटक व्हिसावर न्यू जर्सीत माझ्या भावाकडे गेले आहेत आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत येणार होते. मात्र ऑगस्टच्या अखेरीस आई जिन्यावरून घसरली आणि तिच्या उजव्या घोट्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून आत प्लेट बसवावी लागली. पायावर भार देण्यास सध्या मनाई आहे, त्यानंतर फिजिओथेरपी सुरू होईल, आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत तरी लांबचा विमानप्रवास करू नये, असे तेथील अस्थिरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले आहे. बाबा अर्थातच तिच्यासोबतच थांबतील.

दोघांच्याही पासपोर्टवरील व्हिसा २०३१ पर्यंत आहे. त्यामुळे काही नातेवाइकांचे म्हणणे असे की, व्हिसा शिल्लक असताना काहीच करण्याची गरज नाही. याउलट येथील एका प्रवास एजंटने सांगितले की घराचे मूळ दस्तऐवज, वेराबिले (महानगरपालिकेच्या घरपट्टीची बिले) आणि बँकेची पासबुके नोटरी करून कुरिअरने अमेरिकेला पाठवावी लागतील. ही दोन्ही मते एकाच वेळी खरी असणे शक्य नाही, आणि मूळ दस्तऐवज घराबाहेर काढण्यास माझे मन धजत नाही.

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले असून त्यांना निवृत्तिवेतन मिळते. राहते घर दोघांच्या नावावर आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, तेव्हा जे सांगाल ते मी येथून शोधून पाठवू शकते; परंतु घराची बहुतेक कागदपत्रे गुजरातीत आहेत. आणखी एक अडचण म्हणजे बाबांच्या पासपोर्टची मुदत ९ फेब्रुवारीला संपते. ज्यांनी ही प्रक्रिया स्वतः हाताळली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर १ – प्रतापनगरचे काका

ताई, सर्वप्रथम आईंना लवकर आराम पडो. घोट्याचे दुखणे चिवट असते, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली मुदत कमी करून घेण्याचा प्रयत्न करू नका.

तुमच्या नातेवाइकांचा जो समज आहे तो आपल्याकडे सर्रास आढळतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा केवळ अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊन प्रवेश मागण्याचा परवाना असतो. आत किती दिवस राहायचे, हे विमानतळावरील कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनचा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ या अभिलेखात होते. भावाला त्या खात्याच्या आय-९४ संकेतस्थळावर जाऊन दोघांची नावे, जन्मतारखा आणि पासपोर्ट क्रमांक घालून हा अभिलेख उघडण्यास सांगा. त्या पानावर वास्तव्याची अंतिम तारीख छापलेली असते. पर्यटकांना बहुधा सहा महिने मिळतात, त्यामुळे १२ मेच्या प्रवेशावर ११ नोव्हेंबर ही तारीख असण्याची शक्यता मोठी आहे. परंतु अंदाजावर विसंबू नका. दोघांचे आय-९४ स्वतंत्र असतात आणि एकत्र प्रवास केलेल्या पती-पत्नींच्या तारखाही वेगळ्या असू शकतात, विशेषतः एकाच्या पासपोर्टची मुदत जवळ आलेली असेल तर. म्हणून दोन्ही पाने छापून घ्या आणि या दोन तारखांपैकी जी आधीची असेल, ती तुमची मर्यादा समजा. २०३१ ही तारीख या विषयात पूर्णपणे विसरून जा.

मुदतवाढीचा अर्ज युनायटेड स्टेट्स सिटिझनशिप अँड इमिग्रेशन सर्व्हिसेस, म्हणजे यूएससीआयएस, या खात्याकडे आय-५३९ या फॉर्मवर करायचा असतो. एक जण मुख्य अर्जदार होतो आणि पती किंवा पत्नी आय-५३९ए या पुरवणी फॉर्मने सहअर्जदार म्हणून जोडली जाते. तुमच्या बाबतीत आईंना मुख्य अर्जदार करावे असे मला वाटते, कारण मुदतवाढीचे मूळ कारण त्यांच्या प्रकृतीशी निगडित आहे आणि बाबांचे थांबणे त्यातूनच ओघाने येते. पुरवणी फॉर्मवर बाबांची स्वतःची स्वाक्षरी आवश्यक आहे. स्वाक्षरी नसलेला फॉर्म तसाच परत येतो. शुल्क १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन अर्जासाठी ४२० डॉलर आणि कागदी अर्जासाठी ४७० डॉलर असे आहे, आणि बोटांच्या ठशांसाठी पूर्वी प्रत्येकी जे ८५ डॉलर वेगळे घेतले जात, ते ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाले आहेत. तरीही अर्ज भरण्याच्या दिवशी भावाने खात्याच्या संकेतस्थळावरील शुल्काचा तक्ता एकदा पाहून घ्यावा, कारण चुकीच्या रकमेचा अर्ज स्वीकारलाच जात नाही आणि तोवर तारीख निसटू शकते.

अर्ज आय-९४ ची तारीख उलटण्यापूर्वी खात्याकडे पोहोचलेला असला पाहिजे. खाते स्वतः किमान ४५ दिवस आधी अर्ज करण्याची शिफारस करते. ११ नोव्हेंबरपासून मागे मोजल्यास तो दिवस २७ सप्टेंबर येतो, म्हणजे तुमच्या हाती पुरेसा वेळ आहे, पण तो दवडण्याइतका नाही.

आता कागदपत्रांविषयी. दोघांचे आय-९४, दोघांच्या पासपोर्टच्या माहितीच्या पानांच्या आणि व्हिसाच्या प्रती, विवाहाचा दाखला, मुदतवाढ का हवी याचे लेखी निवेदन, त्या कारणाचा पुरावा, या काळातील खर्च कोण करणार याचा पुरावा, आणि मुदत संपताच परत जाणार याचा पुरावा, एवढा हा सारा पसारा आहे. सर्व ठिकाणी प्रती चालतात. खात्याने मुद्दाम मागितल्याशिवाय मूळ कागद पाठवायचे नसतात. तुमच्या एजंटचा सल्ला मानण्याचे काहीच कारण नाही. तुमच्या घराचा दस्तऐवज कपाटातच राहू द्या आणि मोबाइलवर नव्हे, तर चांगल्या स्कॅनरवर त्याची स्वच्छ प्रत काढा.

या सर्वांत ज्या कागदाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि ज्यावर अर्जाचे बरेचसे भवितव्य अवलंबून असते, तो म्हणजे ते लेखी निवेदन. लोक फॉर्म काळजीपूर्वक भरतात, बँकेचे जाडजूड उतारे जोडतात, आणि निवेदनात मात्र "मुलासोबत आणखी काही काळ राहण्याची इच्छा आहे" असे एक वाक्य लिहून मोकळे होतात. अधिकारी तुमच्या आईंना भेटणार नाही. तो फक्त कागद वाचणार आहे. त्यामुळे निवेदनात तीन गोष्टी ठळकपणे आल्या पाहिजेत. मुदतवाढीचे नेमके कारण, अमेरिकेतील वास्तव्य तात्पुरतेच आहे हे दाखवणारी परतीची व्यवस्था, आणि वाढीव वास्तव्याचा भारतातील घरावर किंवा नोकरीवर काय परिणाम होईल, या त्या तीन गोष्टी. घसरण्याची तारीख, शस्त्रक्रियेची तारीख, डॉक्टरांनी प्रवासास केलेली मनाई, पुढील तपासणीची तारीख, आणि कोणत्या तारखेपर्यंत मुदत हवी आहे, हे क्रमाने लिहावे. प्रत्येक विधानासमोर ते कोणत्या जोडपत्राने सिद्ध होते याचा उल्लेख असावा. पत्र एक-दीड पानाचे पुरे. आईंनी स्वतः प्रथमपुरुषी लिहावे. मुलाने आईच्या वतीने लिहिलेले पत्र वेगळे वाटते.

किती मुदत मागावी, हाही विचार करण्याचा मुद्दा आहे. एका वेळी सहा महिन्यांपर्यंत मागता येते, म्हणून बहुतेक जण सरसकट सहा महिने मागतात. माझे मत असे की, डॉक्टरांचे पत्र जेवढ्या काळाला आधार देते तेवढाच काळ मागावा आणि त्यात प्रवासाच्या तयारीसाठी थोडी सवड ठेवावी. डिसेंबरच्या मध्यापर्यंत प्रवास नको असेल, तर ३१ जानेवारीपर्यंतची मागणी प्रामाणिक आणि पटण्यासारखी आहे.


उत्तर २ – पूर्वीचा दांडियाबाजार, आता न्यू जर्सी

काकांनी मूळ मुद्दे नेमकेपणाने मांडले आहेत. माझ्या सासूबाईंचा अर्ज आम्ही येथूनच केला होता, त्या अनुभवातून येथील बाजूने जे करायचे आहे तेवढे लिहितो.

वैद्यकीय पत्राबाबत तुमच्या भावाने थोडा आग्रह धरावा. येथील दवाखान्यांतून भेटीचा जो छापील गोषवारा मिळतो, तो या कामास पुरत नाही, कारण त्यात निदान आणि औषधे असतात, परंतु प्रवासाविषयी एक शब्दही नसतो. डॉक्टरांच्या लेटरहेडवर स्वाक्षरीचे पत्र हवे. त्यात निदान, शस्त्रक्रियेचा दिनांक, पुढील उपचारांचा अंदाजे कालावधी आणि अमुक तारखेपर्यंत दीर्घ विमानप्रवास वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही, हे वाक्य असावे. घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय बराच काळ स्थिर राहतो आणि लांबच्या विमानप्रवासात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, हे कारण डॉक्टर सहज लिहून देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना हे पत्र कशासाठी हवे आहे ते सांगून आठवडाभर आधी मागणी नोंदवावी.

रुग्णालयाच्या देयकांचाही विचार करा. उपचारांचा खर्च कोण भागवत आहे, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात येणारच. भारतातून घेतलेला प्रवास विमा असेल, तर त्याची पॉलिसी, दाव्याचा क्रमांक आणि विमा कंपनीचे पत्रव्यवहार जोडावेत. त्या पॉलिसीची मुदत संपण्यापूर्वीच ती वाढवून घ्या, कारण संपल्यानंतर वाढवून मिळेल याची शाश्वती नसते, आणि नव्याने घेतलेल्या विम्यात घोट्याचे दुखणे आधीपासूनचा आजार म्हणून वगळले जाण्याचा संभव असतो.

भाऊ खर्चाची जबाबदारी घेत असेल, तर त्याने आय-१३४ हा आर्थिक आधाराच्या घोषणेचा फॉर्म आई आणि बाबा यांच्यासाठी स्वतंत्रपणे भरून द्यावा. त्यासोबत नोकरीच्या ठिकाणचे पत्र, अलीकडच्या वेतनचिठ्ठ्या, बँकेचे पत्र आणि मागील वर्षाचे आयकर विवरण असावे. शिवाय तुमच्या बाबांच्या निवृत्तिवेतनाचा पुरावा जोडला, तर दोघे स्वतःच्या उत्पन्नावर उभे आहेत आणि भारतात त्यांचे नियमित उत्पन्न आहे, अशा दोन्ही गोष्टी एकाच कागदाने सिद्ध होतात.

पासपोर्टबाबत एक सूचना मनापासून करतो. मागितलेल्या पूर्ण काळात पासपोर्ट वैध राहिला पाहिजे, अशी अट आहे. काकांनी सुचवल्याप्रमाणे ३१ जानेवारीपर्यंत मुदत मागितल्यास बाबांचा ९ फेब्रुवारीपर्यंतचा पासपोर्ट त्यात जेमतेम बसतो. म्हणून आधी आय-५३९ दाखल करा आणि मगच पासपोर्ट नूतनीकरणाला द्या. भारतीय पासपोर्टच्या अर्जांचे काम अमेरिकेत व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीमार्फत चालते आणि न्यू जर्सी राज्य न्यूयॉर्कच्या महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येते. त्या अर्जासोबत अमेरिकेतील वैध वास्तव्याचा पुरावाही मागितला जातो, त्यामुळे आय-९४ जिवंत असतानाच ते काम उरकणे श्रेयस्कर. पासपोर्ट हातातून जाण्यापूर्वी त्याच्या सर्व पानांच्या, कोऱ्या पानांसह, प्रती काढून ठेवा. नवा पासपोर्ट मिळाल्यावर जुन्यातील अमेरिकेचा व्हिसा रद्द होत नाही. दोन्ही पासपोर्ट एकत्र बाळगायचे असतात. जुन्यातून व्हिसाचे पान काढण्याचा किंवा सोलण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

परतीच्या तिकिटाची तारीख आत्ताच पुढे ढकलून जानेवारीतील घ्या आणि ते तिकीट अर्जाला जोडा. तिकिटाची तारीख मागितलेल्या मुदतीच्या आतली असावी. केवळ दाखवण्यापुरते केलेले खोटे आरक्षण जोडण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो कृपया ऐकू नका. सरकारी अर्जात खोटा कागद जोडणे हे नकारापेक्षा फार मोठे संकट आहे, आणि त्याची सावली पुढील प्रत्येक व्हिसावर पडते.


कारेलीबागेतील लेक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भावाने रात्रीच आय-९४ काढले. दोघांचीही तारीख ११ नोव्हेंबरच आहे, त्यामुळे एक मोठी धाकधूक संपली.

मी कपाट उघडून बसले आहे. बाबांचा निवृत्तिवेतनाचा आदेश हिंदी-इंग्रजीत आहे. घराचा नोंदणीकृत दस्तऐवज गुजरातीत आहे आणि त्याची बरीच पाने आहेत. महानगरपालिकेची वेरापावती गुजरातीत, सोसायटीचे शेअर प्रमाणपत्र गुजरातीत, विवाहाचा दाखलाही गुजरातीतच आहे. लाइट बिलात दोन्ही भाषा आहेत. ठेवींच्या पावत्या इंग्रजीत आहेत. बँकेत खात्याचा उतारा मागायला गेले, तर खातेदाराच्या संमतीशिवाय देता येणार नाही असे त्यांनी सांगितले. या सर्वांतले काय निवडावे आणि भाषांतर कोणाकडून करून घ्यावे? दस्तऐवजाची सर्व पाने भाषांतरित करावी लागली, तर सप्टेंबर त्यातच जाईल.


उत्तर ३ – रावपुऱ्यातून एक अनुवादक

ताई, मी गुजराती, मराठी आणि इंग्रजी कागदपत्रांच्या भाषांतराचेच काम करतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

यूएससीआयएसचा नियम असा आहे की, इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदासोबत त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर असावे आणि भाषांतरकाराने दोन गोष्टींचे प्रमाणपत्र द्यावे : भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आणि त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास तो सक्षम आहे. नियमात एवढेच आहे. नोटरीची अट नाही, सरकारमान्य अनुवादकाची अट नाही, न्यायालयाच्या शिक्क्याचीही नाही. त्यामुळे दिवाळीपुऱ्याच्या न्यायालयाजवळ नोटरीच्या रांगेत उभे राहण्याची तुम्हाला आवश्यकता नाही. दोन्ही भाषा उत्तम येणारी कोणीही व्यक्ती हे करू शकते. मात्र अर्जदाराने स्वतः किंवा घरच्या माणसाने करू नये, एवढे पथ्य मी पाळायला सांगतो. नियम तसे म्हणत नसला, तरी वाचणाऱ्याच्या मनात शंका राहू नये.

नियमातील "संपूर्ण" हा शब्द मात्र गांभीर्याने घ्या. जोडलेल्या पानाचा सारांश चालत नाही. शिक्के, हस्ताक्षरातील शेरे आणि समासातील नोंदी या सर्वांचे भाषांतर व्हावे लागते. वेरापावतीवर मागील बाजूस दंडाच्या आणि सवलतीच्या सूचना बारीक टाइपात असतात. ती बाजू स्कॅन करून जोडली, तर तीही भाषांतरित करावी लागेल.

आता याचा तुमच्या निवडीवर काय परिणाम होतो ते पाहा. घराचा संपूर्ण दस्तऐवज जोडला, तर चतुःसीमा, पूर्वीच्या मालकांची वंशावळ आणि साक्षीदारांच्या सह्या यांसह प्रत्येक पान इंग्रजीत आणावे लागेल, आणि त्यातून अधिकाऱ्याला कळणार एवढेच की घर तुमच्या आई-वडिलांचे आहे. हीच गोष्ट चालू वर्षाच्या वेरापावतीतून एका पानात कळते, शिवाय घर आजही त्यांच्या ताब्यात असून त्याचा कर नियमित भरला जात आहे, हेही त्यातून दिसते. म्हणून दस्तऐवज सोडून द्या आणि वेरापावती घ्या. सोबत दोन्ही भाषांतील लाइट बिल द्या. त्यातील गुजराती मजकुराचेही भाषांतर करावे लागेल, पण तो थोडाच असतो. शेअर प्रमाणपत्र दिले नाही तरी चालेल.

विवाहाचा दाखला मात्र टाळता येणार नाही, कारण आईंच्या अर्जात बाबा पती या नात्याने जोडले जाणार आहेत. येथे एक गोष्ट बारकाईने तपासा. बडोद्यातील मराठी घरांत आईचे माहेरचे नाव, लग्नानंतर बदललेले नाव आणि गुजराती पद्धतीने लिहिलेले आडनाव अशा तीन तऱ्हा तीन कागदांवर सापडतात. गुजराती कागदावर आडनाव आधी असते, पासपोर्टवर शेवटी. भाषांतरात मूळ कागदावर आहे तसेच नाव ठेवावे लागते, पासपोर्टशी जुळवण्यासाठी ते बदलता येत नाही. नावांत फरक असल्यास निवेदनात एका वाक्यात त्याचा खुलासा करा. पासपोर्टवर जोडीदाराचे नाव नोंदलेले असेल, तर तीही प्रत जोडावी.

बँकेच्या उताऱ्यासाठी शाखेत पुन्हा जाण्याची गरज नाही. तुमचे बाबा नेटबँकिंगमधून इंग्रजी उतारा पीडीएफ स्वरूपात स्वतः काढू शकतात. मागील सहा महिन्यांचा उतारा घ्यावा, ज्यात दरमहा जमा होणारे निवृत्तिवेतन दिसेल. ठेवींच्या पावत्या असल्याने वेगळ्या शिल्लक दाखल्याची आवश्यकता मला वाटत नाही.


उत्तर ४ – अकोट्याहून

मूळ प्रश्न अमेरिकेविषयी असला, तरी आपल्याकडील अनेकांची मुले कॅनडात आहेत आणि तेथील पद्धत वेगळी आहे, म्हणून थोडक्यात नोंद करतो. अमेरिकेचे नियम कॅनडाला लावून गोंधळ झालेली कुटुंबे माझ्या परिचयात आहेत.

कॅनडात प्रवेश करताना पासपोर्टवर वेगळी तारीख लिहिलेली नसेल, तर पर्यटकाला प्रवेशापासून सहा महिने राहता येते. त्यापुढे राहायचे असल्यास मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी व्हिजिटर रेकॉर्डसाठी, म्हणजे वाढीव वास्तव्याच्या परवानगीच्या कागदासाठी, अर्ज करायचा असतो आणि त्याचे शुल्क १०० कॅनेडियन डॉलर आहे. कारणाचे पत्र, पासपोर्टच्या प्रती, पैशांचा पुरावा आणि परतीची व्यवस्था हे कागद जवळपास तेच. मात्र व्हिजिटर रेकॉर्ड म्हणजे व्हिसा नव्हे. त्यावर देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येता येत नाही. ज्यांच्या आई-वडिलांना सुपर व्हिसा, म्हणजे तेथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा, मिळाला आहे, त्यांना ४ जुलै २०२२ पासूनच्या नियमानुसार एका प्रवेशावर पाच वर्षांपर्यंत राहता येते, त्यामुळे बहुतेकांना मुदतवाढीचा प्रश्नच पडत नाही.

ऑस्ट्रेलियात चालू व्हिसा वाढत नाही, नवा व्हिसा मागावा लागतो. व्हिसाच्या पत्रात ८५०३ ही अट असेल, तर एरवी तेथे राहून असा अर्ज करता येत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच ते पत्र वाचावे. युरोपातील शेंगेन देशांत अनपेक्षित आपत्ती, मानवतावादी कारण किंवा गंभीर वैयक्तिक कारण असेल तरच मुदत वाढते. अस्थिभंग हे अशा अर्जासाठी समर्थनीय कारण ठरू शकते, नातेवाइकांचा आग्रह नव्हे.


उत्तर ५ – प्रतापनगरचे काका

ताई, रावपुऱ्याच्या अनुवादकांचा सल्ला तंतोतंत पाळा. अर्ज दाखल केल्यानंतरचे काही सांगायचे राहिले होते.

अर्ज पोहोचल्यावर आय-७९७सी नावाची पोच येते. तिच्यावरील क्रमांकाने अर्जाची स्थिती पाहता येते, म्हणून तिची एक प्रत तुमच्याजवळ बडोद्यातही ठेवा. बोटांच्या ठशांसाठी बोलावणे आलेच, तर दोघांनाही नेमून दिलेल्या केंद्रावर जावे लागेल. आई तेव्हा चाकाच्या खुर्चीत असतील, तर तारीख बदलून मागण्याची सोय आहे, पण ठरलेल्या वेळेपूर्वी मागावी लागते. खात्याने आणखी पुरावा मागितला, तर त्या पत्रात उत्तराची अंतिम तारीख असते आणि त्या मागणीचे उत्तर एकदाच, पूर्ण द्यायचे असते.

११ नोव्हेंबर उलटला आणि निर्णय आला नाही, तर घाबरू नका. वेळेत आणि खऱ्या कारणाने केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंतचा काळ बेकायदा वास्तव्यात मोजला जात नाही, मात्र या काळात कोणतेही काम करता कामा नये. निर्णय नकाराचा आला, तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते, म्हणून त्यानंतर थांबू नये. १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य झाल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा अधिक झाल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी लागते; अर्जच न करता थांबून राहणाऱ्यांवर ही वेळ येते. निर्णयापूर्वीच आईंना बरे वाटले आणि दोघे परतले, तर पोच आणि विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवा. पुढच्या वेळी विमानतळावर कोणी विचारले, तर ११ नोव्हेंबरनंतरचे दिवस कोणत्या आधारावर काढले, हे त्या दोन कागदांनी दाखवता येते.

आणि जी गोष्ट या धांदलीत नक्की विसरली जाईल, ती म्हणजे बाबांचा हयातीचा दाखला. निवृत्तिवेतनधारकांना तो दर नोव्हेंबरात द्यावा लागतो आणि यंदाच्या नोव्हेंबरात बाबा न्यू जर्सीत असतील. वय ८० पूर्ण झाले असेल, तर तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. परदेशात असलेल्यांना भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्याकडून दाखला साक्षांकित करून बँकेकडे पाठवता येतो. पासपोर्टच्या कामासाठी भावाचा दूतावासाशी संपर्क होणारच आहे, तेव्हाच या दाखल्याचीही चौकशी करून ठेवावी. निवृत्तिवेतन थांबले, तर ते परत सुरू होईलही, परंतु ज्या खात्याचा उतारा तुम्ही अर्जाला जोडला आहे त्याच खात्यात जमा बंद झालेली दिसणे, आणि त्यातच अधिक पुराव्याची मागणी आलेली असणे, हा योग टाळलेला बरा.